निशाणाच्या अलीकडे पडलेला गाडीवान

माझं पोटापाण्याचं काम दुधाचं. सकाळ-संध्याकाळ गावच्या संकलन केंद्रावर बसायचं, प्रत्येकाच्या कॅनमधून वाटीभर दूध काढायचं, मशीनवर फॅट बघायची आणि चिठ्ठी फाडून द्यायची. पण बेलापूरपासून पार श्रीगोंद्यापर्यंत मला दूधवाला म्हणून कुणी ओळखत नाही. ओळखतात ते आवाजावरून. बैलगाडी शर्यतीचं मैदान कुठंही असो, माइक माझ्या हातात असतो. गेली पंचवीसेक वर्षं हेच चाललंय. मधली सात-आठ वर्षं शर्यतींवर बंदी होती तेवढी सोडून.

शर्यत स्वतः फार थोडा वेळ चालते. छकडे सुटले की डोळ्याचं पातं लवेपर्यंत निशाणापाशी येतात. बाकी सगळा दिवस मोकळा असतो. बैलांना विश्रांती द्यायची असते, गट पाडायचे असतात, पंचांची भांडणं मिटवायची असतात. तेवढ्या वेळात माइक गप्प बसला तर लोक उठून रसवंतीवर जातात. म्हणून मी बोलत राहतो. बोलायचे विषय संपले की माझा ठरलेला विषय काढतो. आजवरचा सर्वांत मोठा गाडीवान कोण? ज्यानं शर्यती पाहिल्यात त्याचं यावर एक मत असतं, ज्यानं पाहिल्या नाहीत त्याची दोन असतात. अर्धा तास सहज निघतो.

पूर्वी छकडा हाकणाऱ्याला गाडीवान म्हणायचे, आता ड्रायव्हर म्हणतात. माझ्या बोलण्यात दोन माणसं कायम असायची. एक अगदी जुन्या काळातला म्हातारा, पांढऱ्या मिशांचा, धोतराचा काचा मारून छकड्यावर उभा राहणारा. मी त्याला लहानपणी दोनदा पाहिलं होतं, पण माइकवर त्याच्या वीस-वीस शर्यती सांगायचो. तो मेलेला होता. मेलेला माणूस उलटून बोलत नाही, त्यामुळे माझ्या तोंडी तो दरवर्षी थोडा थोडा मोठा होत गेला. ‘त्यानं जन्मात बैलाच्या अंगाला चाबूक लावला नाही’ हे वाक्य मी तयार केलं आणि आता ते लोक मलाच ऐकवतात. दुसरा आत्ताचा, पंचवीस-सव्वीसचा पोरगा. डोळ्याला काळा चष्मा, मागे पोरांचा घोळका, त्याच्या नावाचे टी-शर्ट. बंदी उठल्यावर पहिल्याच हंगामात त्यानं सगळी मैदानं मारली.

या दोघांच्या मधे एक तिसरा होता. त्याचं नाव मी घेत नसे. त्याचं मी काय केलं ते इथं सांगतो.

तो मूळचा पाथर्डीकडचा. दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर बायको-मुलीला घेऊन आमच्या भागात यायचा. कारखान्याच्या रस्त्यावर उसानं भरलेल्या बैलगाड्या मी लहानपणापासून बघत आलोय. पण चढावर, ओझ्याखाली, आवाज न करता जोडी नेणारा माणूस एखादाच असतो. आमच्या गावच्या एका बागायतदारानं त्याला असं चढावर पाहिलं आणि टोळीच्या मुकादमाकडून मागून घेतला. बागायतदाराकडे पळणारी खिलार जोडी होती, पण हाकणारा चांगला नव्हता. त्यानं याला मळ्यात झोपडी बांधून दिली आणि बैलांची निगा आणि मैदानात छकडा, दोन्ही त्याच्याकडे दिलं.

तीन हंगाम तो जिंकत होता. माइकवर मी पुकारायचो ते मालकाचं नाव आणि बैलांची नावं. गाडीवानाचं नाव पुकारायची तेव्हा पद्धत नव्हती. तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, तरी मी त्याला ‘अरे’ म्हणायचो. सगळेच म्हणायचे. तो मला ‘भाऊ’ म्हणायचा.

चौथ्या हंगामात पलीकडच्या गावच्या यात्रेत मोठं मैदान होतं. फायनलला पाच छकडे. सुटल्यापासून आमच्या गावचा छकडा पुढे होता, दुसऱ्याच्या आणि त्याच्यामधे दोन बैलांचं अंतर. मी मांडवातल्या फळीवर उभा राहून ओरडत होतो. निशाण दहा-पंधरा हातांवर राहिलं आणि तो पडला. कशानं ते कुणाला दिसलं नाही. छकड्यावर होता आणि मग धुळीत होता. बैल रिकामा छकडा घेऊन सगळ्यांच्या आधी निशाण ओलांडून गेले. गाडीवानाशिवाय आलेला छकडा बाद, हा नियम सगळीकडे सारखा आहे.

मैदान एकदम शांत झालं. मला शांतता सहन होत नाही. तो उठून बसत होता, एक हात मातीत टेकलेला, तोंडात धूळ. माझ्या तोंडातून निघालं, “मंडळी, बैलं पोचली! माणूस मागून पार्सलनं येतोय!”

तसा हशा मी आयुष्यात पुन्हा कधी मिळवला नाही. लोक झाडांवरून पडायचे बाकी होते. पंच हसत होते, हरलेले मालक हसत होते. त्याचा मालक हसला नाही, पण तो माझ्यावर नाही, आपल्या गाडीवानावर चिडला होता. मला लोकांनी खांद्यावर घेतलं. संध्याकाळी वडापावच्या गाड्यावर पोरं एकमेकांना ते वाक्य माझ्याच आवाजात म्हणून दाखवत होती. दुसऱ्या दिवसापासून तो ‘पार्सल’ झाला.

एखादा माणूस पडतो, पुढच्या मैदानात जिंकतो, लोक विसरतात. असं मी कितीतरी वेळा पाहिलंय. त्याच्या नशिबी ते आलं नाही. महिन्याभरात बंदीचा हुकूम आला. यात्रा राहिल्या, मैदानं गेली. मालकानं थोडे दिवस वाट पाहिली आणि मग बैल घोडेगावच्या बाजारात नेले. बैल नेताना त्यालाच बरोबर घेतलं, कारण दुसऱ्या कुणाच्या हाताला ते टेम्पोत चढत नव्हते. तो परत आला आणि त्याच मळ्यात राखणीला राहिला. दोन गाई घेतल्या. त्यांचं दूध घालायला सकाळ-संध्याकाळ माझ्याकडे यायला लागला.

बाकी सगळे गाडीवान बंदीत म्हातारे झाले. तो मात्र लोकांच्या डोळ्यापुढे पडलेलाच राहिला. केंद्रावर रांगेत त्याचा नंबर आला की मागून कुणीतरी म्हणायचं, “पार्सल आलं, सही घ्या.” मी हसायचो. तोही थोडा हसायचा. खाली बघून कॅनचं झाकण काढायचा.

मग त्याच्या मुलीचं लग्न निघालं. गावात कुणाचंही लग्न असलं तरी पाहुण्यांची नावं पुकारायला मलाच बोलावतात. त्यानं स्वतः येऊन सांगितलं, “भाऊ, तुमीच बोला. तुमचा आवाज चांगला हाय.” मारुतीच्या देवळापुढे मांडव होता. नवरदेव पाथर्डीकडचाच, साधी माणसं. मंगलाष्टकं झाली, जेवणं झाली, पाठवणीची वेळ आली. मुलगी रडत होती, तिची आई रडत होती. तो बाजूला उभा होता, डोक्यावर नवा फेटा, फेट्याचं टोक हातात धरून. पुन्हा तसंच झालं. सगळे गप्प, आणि माइक माझ्या हातात.

मी म्हणालो, “वऱ्हाडी मंडळींनो, सांभाळून न्या. हे पार्सल तरी निशाणापर्यंत पोचू द्या!”

आमच्या गावची माणसं पोट धरून हसली. पाथर्डीकडच्या पाहुण्यांना कळलं नाही. त्यांनी शेजाऱ्यांना विचारलं, शेजाऱ्यांनी सांगितलं, मग तेही हसले. मुलगी रडायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिच्या सासरी हे नाव तिच्याआधी जीपमधे बसून गेलं. नंतर तिची आई एकदा केंद्रावर म्हणाली, “तिला तिथं पार्सलची पोरगी म्हनत्यात.” तक्रार म्हणून नाही, नुसतंच सांगितलं. मी चिठ्ठी फाडून दिली.

बंदी उठली तेव्हा तो साठीच्या पुढे गेला होता, गुडघे धरलेले. मैदानं आता वेगळी झाली होती. वरून ड्रोन फिरायचा, मोबाइलवर सगळं लाइव्ह दिसायचं, बक्षिसाला गाड्या उभ्या असायच्या. एका तरुणानं शर्यतींचं चॅनल काढलं होतं आणि मला तो प्रत्येक मैदानात बरोबर घ्यायचा. त्यानं एकदा जुन्या-नव्या चार ड्रायव्हरांचे फोटो लावून लोकांना विचारलं, सर्वांत मोठा कोण? म्हाताऱ्याचा फोटो कुणाच्या तरी भिंतीवरून काढून आणला. नव्या पोराचा चष्म्यातला. तिसरा सांगलीकडचा कुणीतरी. चौथा आमचा. पडतानाचा जुना फोटो त्याला कुठून मिळाला देव जाणे. खाली लिहिलं होतं ‘पार्सल’. लोकांनी त्याला तळाला टाकलं आणि खाली नुसते हसणारे चेहरे पाठवले. त्यात मीही एक पाठवला.

त्याच्यानंतर का कुणास ठाऊक, मला वाटायला लागलं की आपण याचं थोडं भरून द्यावं. याला पश्चात्ताप म्हणावं इतकं ते मोठं नव्हतं. पन्नाशी ओलांडली होती आणि तो रोज दोनदा समोर येत होता. शिवाय नवी गोष्टही हवी होती. म्हाताऱ्याच्या त्याच त्या कथा मलाच कंटाळवाण्या झाल्या होत्या.

एका दुपारी मी मळ्यात त्याच्या झोपडीवर गेलो. जन्मात पहिल्यांदा त्याला ‘मामा’ म्हणालो. तो गोंधळला. बायकोनं सतरंजी टाकली, चहा ठेवला.

मी विचारलं, “मामा, खरं सांगा, मोठा कोण? म्हातारा का हा पोरगा?”

त्याला आजवर हे कुणी विचारलं नसावं. त्यानं गोठ्याकडे पाहिलं आणि बोलायला लागला तो थांबेचना.

“तुमी माणसांची तुलना करता भाऊ. आधी छकडा बघा. म्हाताऱ्याच्या टायमाला छकडा लाकडाचा, चाकाला लोखंडाची धाव. उचलाया चार गडी लागायचं. आता ह्या पोराचा छकडा दोघं उचलून टेम्पोत टाकत्यात. तुमाला वाटतं हलका म्हंजी सोपा. हलका छकडा उडतो. जड छकडा माणसाला धरून ठिवतो. म्हनून म्हातारा कदी पडला न्हाई आन पोरगं तीनदा पडलं. ह्यात म्हाताऱ्याची हुशारी न्हाई, पोराचा कमीपना बी न्हाई.”

“पण म्हाताऱ्यानं बैलाला कधी मारलं नाही.”

“कोन म्हनतं?” त्यानं माझ्याकडे पाहिलं. “माझ्या डोळ्यांसमूर मारलंय. लई मारलंय. शेपटी दातानं चावायचा. म्या बी मारलंय. समद्यांनी मारलंय. बंदी काय उगं आली हुती?”

“मग तो मोठा कसा?”

“मारनं येगळं, हाकनं येगळं. पन्नास पावलं ऱ्हायली की समद्यांचा हात कासऱ्यावर आवळतो. भीतीनं आवळतो. म्हाताऱ्याचा तिथं ढिला पडायचा. बैलाला वाटायचं आपन सुटलो. सुटलेला बैल जसा पळतो तसा मारलेला न्हाई पळत. ते दुसऱ्या कुनाला जमलं न्हाई. ह्या पोराला थोडं थोडं जमतंय, त्याला कळत न्हाई पन जमतंय.”

मी मान हलवत होतो. खरं तर ऐकत नव्हतो. मला त्याच्या पडण्याची गोष्ट हवी होती, आणि तो दुसऱ्यांचंच सांगत होता. शेवटी मीच विचारलं, “आणि तुम्ही त्या दिवशी पडलात कसे? कुणी आडवं आलं? कुणी छकड्याला काही केलं होतं?”

“न्हाई.”

“बैलाला काही लागत होतं का? म्हणजे त्याला वाचवायला…”

“न्हाई भाऊ. मी त्या म्हाताऱ्यावानी हात ढिला करून बघाया गेल्तो. पुढं हुतो, वाटलं आज करून बघावं. हात सुटला. बास.”

त्याच्या बायकोनं चहाचे कप आणून ठेवले. तिला हे माहीत नसावं. ती त्याच्याकडे बघत राहिली.

मी निराश होऊन निघालो. हात सुटला, हे माइकवर सांगून काय मिळणार? लोकांना कासरा ढिला करणं म्हणजे काय ते कुठे कळतं? मोटारसायकलवर घरी येता येताच मी गोष्ट तयार केली. मला वाटतं, तिच्यात त्याच्या भल्याचाच विचार होता.

पुढच्याच मैदानात मी ती सांगितली. उजव्या बैलाच्या पायात कासरा गुरफटत होता, अजून दोन ढांगांत बैल कोसळून मान मोडली असती, म्हणून ह्या माणसानं जिंकलेली शर्यत सोडून खाली वाकून दोर सोडवला आणि त्यात तो पडला. “ज्याला आपण पार्सल म्हणून हसलो,” मी आवाज जड करून म्हणालो, “त्यानं मुक्या जनावरासाठी आपली इज्जत मातीत घातली!” टाळ्या पडल्या. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. चॅनलवाल्यानं त्याला मागून बासरी लावून संध्याकाळी टाकलं.

आठवडाभर त्याच्या झोपडीवर रीघ लागली. पोरं येऊन पाया पडत, मोबाइल पुढे धरून विचारत, “मामा, कोणता पाय होता बैलाचा?”

तो म्हणायचा, “कोनताच न्हाई. दोर-बिर काय नव्हतं. हात सुटला.”

पोरांना वाटायचं मामा लाजतोय. मग वाटायला लागलं की विसरलाय. एकानं लिहिलं, बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. चॅनलवाला शेवटी त्याच्या जुन्या मालकाकडे गेला. मालकाचा राग इतक्या वर्षांनी तसाच ताजा होता. “कसला पाय आणि कसला दोर? बैल माझे होते ना? त्याला झेपलं नाही. आता म्हातारपणी गोष्टी रचून सांगतोय.” हेही चॅनलवर आलं. म्हणजे माझं खोटं त्याच्या नावावर जमा झालं. आधी तो नुसता पडलेला होता, आता खोटारडाही झाला. पार्सल उघडलं, आत दगड निघाला, असं कुणीतरी लिहिलं आणि ते सगळीकडे फिरलं. इतकं चांगलं वाक्य मला सुचलं नाही याचं मला त्या क्षणी वाईट वाटलं, हेही लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला तो आला नाही, त्याची बायको आली. रांगेत पाच-सहा जण होते. तिनं कॅन खाली ठेवला आणि म्हणाली, “भाऊ, तुमी आदी त्येंना हसला, ते आमी घेतलं. आता तुमी त्येंना चांगलं म्हनाया लागला. ते घेता येत न्हाई. तुमचं तोंड आमच्यावरनं काढा.”

“मामी, मी तर त्यांच्या बाजूनं…”

“बाजूनं बी नगं.”

मी मशीनकडे बघितलं. फॅट बरी लागली होती. मी ती मोठ्यानं वाचून दाखवली.

त्यानंतरच्या रविवारी आमच्याच शिवारात मैदान होतं. गट संपले होते, फायनलला अवकाश होता. मी माझं नेहमीचं चालू केलं होतं, म्हातारा मोठा की हा पोरगा, आणि लोक खालून ओरडून मतं देत होते. तेवढ्यात तो मांडवाच्या पायऱ्या चढताना दिसला. एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत येत होता. स्वच्छ शर्ट, टोपी. माझ्यासमोर येऊन त्यानं हात पुढे केला. मला कळलं नाही. मग त्यानं माइक माझ्या मुठीतून काढून घेतला. माइक त्यानं तोंडाला अगदी चिकटवून धरला, त्यामुळे पहिले शब्द नुसतेच घरघरले.

“मी पडलो हुतो,” तो म्हणाला. “कासरा बैलाच्या पायात नव्हता. हे भाऊ बोलले ते खोटं हाय. मालक बोलले की मी रचलं, ते बी खोटं हाय. माझा हात सुटला.”

मग त्यानं माइक तोंडापासून जरा लांब धरला.

“तुमी रोज इचारता मोठा कोन. म्हातारा पैला. हा पोरगा दुसरा, पुढं पैला बी हुईल. मी तिसरा. पन मी तिसरा हाय. शेवटचा न्हाई.”

एवढंच. त्याला आणखी काही म्हणायचं होतं असं वाटलं, कारण तो तोंड उघडून उभा राहिला. तो नवा ड्रायव्हर त्या वेळी मैदानाच्या टोकाला बैलांच्या तोंडावर पाणी मारत होता, त्यानं हे ऐकलंही नाही. मग मागून, झाडाखालच्या घोळक्यातून, कुणीतरी ओरडलं, “पार्सल परत पाठवा!”

आणि पुन्हा तोच हशा. इतक्या वर्षांनी, त्याच आवाजाचा. लोकांना हसायचंच होतं असं नाही. काहींनी हसणाऱ्यांना दटावलंही. पण हसू एकदा सुटलं की मैदानात ते थांबवता येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. थांबवू शकला असता असा माणूस तिथं एकच होता. माइक परत माझ्याकडे आला होता.

तो मला म्हणाला, “चालू ठिवा भाऊ.”

मी फायनल पुकारली. छकडे सुटले. चांगली शर्यत झाली.

दिवाळीच्या आधी ती दोघं गाई विकून पाथर्डीकडे लेकीच्या गावी गेली. निघताना मला भेटली नाहीत, भेटायचं काही कारणही नव्हतं. मालकानं झोपडीत दुसरं कुटुंब आणून ठेवलं. चॅनलवाल्यानं त्याचं माइकवरचं बोलणं ‘पार्सलची कबुली’ म्हणून टाकलं, आणि आजवर त्याच्या चॅनलवर इतकं कुठलंच चाललं नाही. मग एक दिवस मला फोन आला. त्याची मुलगी होती. तिनं स्वतःची ओळख सांगितली नाही, नुसतं वडिलांचं नाव सांगितलं, आणि ते कुणाचं नाव आहे हे ध्यानात यायला मला एक क्षण लागला.

“तेवढा व्हिडिओ काढाया सांगा,” ती म्हणाली. “हितं पोरं रोज त्येंच्यासमूर लावत्यात. ते बाहेर बसायचं बंद झालेत.”

मी म्हणालो, चॅनल माझं नाही. ते खरंच होतं. ती ‘बरं’ म्हणाली आणि फोन ठेवला. चॅनलवाला रोज भेटत होता. मी त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं कदाचित काढलाही असता.

तो व्हिडिओ मी तोवर पूर्ण पाहिला नव्हता. त्या दिवशी केंद्रावर गर्दी ओसरल्यावर पाहिला. ड्रोनचा नाही, खालून कुणीतरी मोबाइलवर घेतलेला आहे, त्यामुळे मांडवावरचे चेहरे स्पष्ट दिसतात. मला आठवतं त्याप्रमाणे तो बोलत असताना मी खाली बघत होतो आणि हशा झाला तेव्हा मला वाईट वाटलं होतं. मी लोकांनाही तसंच सांगत आलो होतो. व्हिडिओत तसं नाही. मागून तो माणूस ओरडतो, मामा माझ्या हातात माइक देतो, आणि त्याच्या खांद्यावरून माझं तोंड दिसतं. मी हसतोय. कसनुसा नाही, चांगला मोठ्यानं, दात दिसताहेत.